नाव चुकलेली पूजा

मी बार बोलतोय. गोलच्या दोन खांबांवर आडवा टाकतात तो, शिबतला मिलन संघाचा जुना लाकडी बार. माझ्याकडून हुंदक्यांची अपेक्षा ठेवू नका. जातीचं लाकूड आहे, त्यात आयुष्यभर चेंडूचा मार खाल्लाय. जे घडलं ते सांगतो, एवढंच.

जन्म हुगळीकाठच्या एका वखारीतला. साल वृक्षाचा ओंडका होतो, होडी बांधायला आणलेला. सुताराला मी वाकडा वाटलो, म्हणून त्याने मला बाजूला टाकलं. क्लबवाल्यांना फुकटात वाकडाही चालला. त्यांनी रंधा मारला, चुना फासला आणि तळ्यालगतच्या मैदानावर मला चढवलं. कावळे बसायचे, पोरं लोंबकळायची. पावसात फुगायचं, उन्हात तडकायचं, असे दिवस जात होते.

वर्षातून एकदा मात्र माझे लाड होत. बैशाखाच्या पहिल्या दिवशी आमचं नवं वर्ष लागतं आणि त्या सकाळी क्लबात बारपूजा असते. मला खाली उतरवून गंगेच्या पाण्याने न्हाऊ घालत, शेंदूर-चंदन लावत, रजनीगंधाचा हार घालत. त्या हंगामात ज्याच्यावर भिस्त असेल तो खेळाडू माझ्यावर हात ठेवून बसायचा आणि ठाकुरमशाई, म्हणजे आमचे पुरोहित, त्याच्या नावाने संकल्प सोडायचे. मग सगळे लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणि बटाट्याच्या आलूर दमवर तुटून पडत. दुसऱ्या दिवसापासून माझ्या नशिबी पुन्हा लाथा.

नाडू घरामी मला तेव्हापासून माहीत आहे, जेव्हा त्याच्या पायात बूट नव्हते. त्याची आई सौदामिनी मैदानामागे तापलेल्या वाळूत मुडी, म्हणजे मुरमुरे भाजायची. बाप नव्हता. पोरगं दुपारभर माझ्यावर नेम धरून चेंडू मारायचं. माझ्या मधोमध लागला की हसायचं आणि पुन्हा मागे जायचं. त्याचा उजवा पाय मी आवाजावरून ओळखू लागलो. तिमिरबरण हे त्याचं खरं नाव फक्त शाळेला ठाऊक होतं. पाड्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, सगळ्यांचा तो नाडूच.

पुढे तो कोलकात्याच्या मोठ्या क्लबात गेला आणि तिथून देशाच्या संघात. परक्या देशांच्या गोलांत त्याने चेंडू घातले. मिठाईवाल्याने चेंडूच्या आकाराची संदेश मिठाई काढली. क्लबाचे सेक्रेटरी गदाईदा येईल त्याला सांगत की नाडूला पहिले बूट मीच दिले. ते बूट केवढे मोठे होते आणि आत कागद कोंबून घालावे लागत, हे नाडूने कधी सांगितलं नाही. बैशाखाच्या पहिल्या दिवशी तो आधी माझ्यावर हात ठेवायचा, मगच मोठ्या क्लबाच्या पूजेला जायचा. मला अभिमान वाटायचा. तेव्हा वाटायचा.

मग एका हंगामात त्याचे गोल आटले. गुडघा दुखावला होता. सामन्याआधी बधिर करणारी सुई टोचून घ्यायचा आणि मैदानात उतरायचा. कुणी जबरदस्ती केली नव्हती, स्वतःच मागून घ्यायचा. मला हे कळलं, कारण दुपारी मैदान रिकामं असताना तो माझ्याखाली बसून बोलायचा. माणसांना सांगायची सोय नव्हती. सुईचा असर उतरायचा, पण पाऊल काही जागं होईना. पावलाला चिमटा काढायचा, थांबायचा, पुन्हा काढायचा. त्याने मारलेले चेंडू आता माझ्या आजूबाजूने जात. एकदा म्हणाला, "चेंडू पायाला लागला की नाही, तेसुद्धा बघावं लागतं रे."

कोलकात्यात त्याचे चेंडू बारवर आदळून परत येत. बार तिथले, पण शिक्षा मला. चहाच्या टपरीवर निकाल लागला की शिबतल्याचा बार रुसलाय. ठाकुरमशाईंनी बराच विचार केला आणि गदाईदांना विचारलं, "यंदा संकल्पाला मला नाव काय दिलं होतंस?"

"नाडू घरामी. दुसरं कुठलं देणार?"

"अरे गाढवा, ते घरातलं नाव. संकल्पाला खरं नाव लागतं. आपली अख्खी पूजा कुठल्यातरी दुसऱ्याच नाडूला पोचली."

बाकावरून कुणीतरी म्हणालं, "तरीच मासळीबाजारातला नाडू एवढा सुटलाय यंदा."

हसले सगळे, पण मनोमन पटलं सगळ्यांना. देशाचा मोठा सामना आठवड्यावर आला होता. नाडूला बोलावून घेतलं, पुन्हा पूजा करायची म्हणून. त्याच्यापुढे एकच प्रश्न होता. पाय गेलाय हे सांगून थांबायचं, की गप्प राहून पुन्हा सुई घ्यायची? थांबला असता तर पाय वाचण्याची आशा होती, हे डॉक्टरने त्याला सांगितलेलं. तो गदाईदांना म्हणाला, "करा." खरं सांगण्यापेक्षा पूजा सोपी होती.

भर हंगामात मला उतरवलं. अख्खा पाडा जमला, ढाक वाजू लागला. नाडू माझ्यावर हात ठेवून बसला. उजवा पाय दुमडत नव्हता, म्हणून पुढे पसरलेला. ठाकुरमशाईंनी "तिमिरबरण" असं तीनदा ठणकावून म्हटलं, देवाला ऐकू कमी येत असल्यासारखं. कुणी धुनुची, म्हणजे धुपाटणं, घेऊन नाचत होतं. तिच्यातला नारळाच्या शेंडीचा एक निखारा उडाला आणि नाडूच्या उजव्या पावलावर पडला.

नाडू समोर बघत राहिला. कातडी जळत होती आणि तो माझ्यावर हात ठेवून बसला होता.

सौदामिनीला वास आला. जन्म वाळूच्या कढईपुढे गेलेली बाई, तिला भाजल्याचा वास कोण शिकवणार? तिने पुढे होऊन बोटांनीच निखारा उचलून फेकला. तोवर लोकांनी पाहिलं होतं. गदाईदांनी हात वर केले. "बघा, निखारासुद्धा लागला नाही! बार पावला!" शंख वाजले. बायका जीभ घोळवत मंगल उलुध्वनी करू लागल्या, म्हातारे रडू लागले.

त्या गोंधळात सौदामिनी त्याच्या कानाशी वाकली. "बाबा, खरंच लागलं नाही?"

"नाही."

"कधीपासून लागत नाही?"

नाडूने भाजलेल्या जागेवर हात ठेवून ती झाकली. ती म्हणाली, "जाऊ नकोस. मी सांगते यांना."

त्याने नाचणाऱ्या पाड्याकडे पाहिलं. "आता कसं सांगणार, मा? त्यांचा देव खोटा पडेल."

तिने तोंड उघडलं, पण लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं. तो गेला.

सामन्यात गोलपुढे चेंडू एकट्या त्याच्याकडे आला. पाऊल वाकडं पडलं, वर गुडघा मोडला. त्यानंतर तो कधी धावला नाही. हे टपरीवरच्या रेडिओवरून माझ्यापर्यंत आलं. वाईट वाटलं का? वाटायला हवं होतं. मी नुसता उन्हात तापत राहिलो.

आता मैदानावर ॲल्युमिनियमचे गोल आहेत आणि पूजा त्यांची होते. मी क्लबाच्या अंगणात विटांवर टाकलेला असतो, बाकासारखा. नाडू काठी टेकत येतो. रेल्वेत खुर्चीतली नोकरी आहे. दर नव्या वर्षाला त्याला हार घालतात आणि गदाईदा नव्या पोरांना निखाऱ्याची गोष्ट सांगतात. तो का लंगडतो, हे एखाद्याने विचारलंच तर म्हणतात की दुसऱ्या पूजेचा मुहूर्त घाईत काढला होता.

तुम्हाला एकच विनवणी आहे. ज्याला हार घालाल, त्याला आधी विचारा, बाबा, तुझं दुखतंय का कुठे? आणि तो नाही म्हणाला तरी लगेच शंख फुंकू नका. झालं माझं सांगून. मला आता किडीने पोखरलंय, पुढच्या पावसाळ्यात मी असेनच असं नाही.

संध्याकाळी मायलेक माझ्यावर येऊन बसतात. सौदामिनीला आता नीट दिसत नाही. ती त्याचं उजवं पाऊल मांडीवर घेते, मोहरीचं तेल कोमट करून चोळते आणि अंगठ्याने त्या जुन्या डागावर दाबते.

"आज लागतंय का रे?"

नाडू दूर मैदानाकडे बघत असतो. तिचा अंगठा डागावर आहे की बाजूला, हे त्याला खाली बघितल्याशिवाय कळत नाही. तो खाली बघतो. मग तोंडाने कळ आल्यासारखा आवाज काढतो.

"हळू, मा. दुखतंय."

म्हातारी सुखावते आणि आणखी थोडं तेल ओतते.