विहीणबाईंचा आहेर

आमच्या घराण्याच्या डोळ्यांत पांढरे ठिपके असतात, तांदळाच्या कण्यांसारखे. आजोबांना होते, ओक्रानताईला आहेत, मलाही आहेत. आम्ही दोघी बहिणी देगूहून दरवर्षी सोलच्या मोठ्या इस्पितळात दाखवायला जातो. तिथले डॉक्टर याच आजारावर संशोधन करतात. त्यांनी पहिल्याच खेपेला बजावलं होतं, "चष्मा घालवायचं लेझर या डोळ्यांना चालत नाही. ठिपके उसळतात, डोळा धुरकटतो. मुलांना तपासायला आणा."

ताईने आपल्या लेकीला, दाबीनला, कधी नेलं नाही, सांगितलंही नाही. पोरीचं लग्न जमायचं होतं ना. झाकली मूठ सव्वा लाखाची.

लग्न जमलं, आणि सोलच्या विहीणबाईंनी आहेर दिला तो नेमका लेझरचा. लग्नाच्या फोटोत नवरीला चष्मा नको, ही आमच्याकडे आता रीतच झाली आहे.

लेझरच्या दिवशी सकाळी दाबीन सोलला विहीणबाईंबरोबर दवाखान्यात होती, आणि आम्ही ताईच्या स्वयंपाकघरात सोयाबीनचे मोड निवडत बसलो होतो. माझा जीव टांगणीला लागला होता.

"ताई, अजून वेळ आहे. सांगून टाक."

"मी कशाला सांगू? तिथे आधी गालात काडी फिरवून लाळ तपासतात. यंत्रच सांगेल. मग मीही म्हणेन, अगंबाई, आम्हाला काय ठाऊक."

"सांगितलंस तर जीभ झडेल का तुझी?"

"लग्न मोडलं तर तू लावून देणार आहेस दुसरं?"

एवढ्यात तिचा फोन वाजला. दाबीनने डोक्यावर निळी टोपी घातलेला फोटो पाठवला होता. खालचा मजकूर मी मोठ्याने वाचला. 'सासूबाई म्हणाल्या, दोन्ही घरं निरोगी आहेत, तपासणीत वेळ कशाला घालवायचा. लगेच आत घेतायत.'

ताईचे हात थांबले. तिने दाबीनला फोन लावला, तो बंद. मग विहीणबाईंना लावला. त्यांनी उचलला.

"विहीणबाई, तिला थांबवा. आमच्या रक्तात डोळ्याचा आजार आहे. मला आहे. लेझरने डोळा खराब होतो. मी लपवलं तुमच्यापासून."

पलीकडे खुर्ची सरकली. चपला धावल्या, काचेवर थापा पडल्या, कुणीतरी बाई "थांबा हो, थांबा" म्हणत होती. त्या विहीणबाईच होत्या.

बऱ्याच वेळाने त्या फोनवर आल्या. धाप लागली होती.

"डावा राहिलाय," त्या म्हणाल्या. "उजवा झाला. मी बाहेरच्या पडद्यावर बघत होते हो. कौतुकाने बघत होते."

ताईने फोन खाली ठेवला. निवडलेले आणि न निवडलेले मोड तिने एकाच टोपलीत लोटले.

"ओक्जू," ती म्हणाली, "दाबीनला कोण सांगणार?"

माझ्या मनात दया होती, पण रागही तेवढाच होता.

"तू," मी म्हटलं.