बावीस पानांनंतरची गोजरबाई

"मॅडम, तुमची गोजरबाई शेवटी घरी परत जाते का?"

प्रश्न विचारून अपेक्षा उभीच राहिली. मागून मोनिकानं तिची ओढणी ओढली. पैज तिनंच लावली होती : लेखिका सुलेखाताई शाळेत येणारच आहेत, तर सगळ्यांसमोर शेवट विचारून दाखव. महिनाभर डबा खाताना अपेक्षानं पोरींना त्यांची गोजरबाईची कादंबरी रंगवून रंगवून सांगितली होती. आता होऊनच जाऊ दे खरंखोटं.

"तू पुस्तक वाचलंस?" सुलेखाताईंनी विचारलं.

हो म्हणायला ओठ उघडले, पण बाहेर पडलं ते खरंच.

"बावीस पानं," ती म्हणाली. "मोबाईलवर तेवढीच फुकट दिसतात. गोजरबाई पिशवी घेऊन बिडकीनच्या स्टँडवर येते अन् खाली लिहून येतं, पुढं वाचायला विकत घ्या."

हॉल खदखदून हसला.

"अगं बया, महिनाभर आम्हाला उल्लू बनवलं व्हय!" मोनिका ओरडलीच.

सुलेखाताई हसल्या नाहीत. "मग पुढचं?"

"पुढचं मीच सांगितलं."

कान तापले होते, पण जीभ सुटली ती सुटलीच. गोजरबाई अजिंठ्याची एसटी धरते, लेण्यांच्या पायथ्याशी भज्यांचा गाडा टाकते, नवरा शोधत येतो तर आधी त्याला प्लेटा धुवायला बसवते... तीनदा ऐकलेली मोनिकासुद्धा तोंड उघडं टाकून ऐकत होती.

"प्लेटा धुवायला," सुलेखाताई स्वतःशीच म्हणाल्या आणि कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी काहीतरी खरडलं. मग मान वर करून म्हणाल्या, "माझा शेवट नाही सांगत. वाच."

संध्याकाळी वाळूजच्या कंपनीतून ड्यूटी करून आलेल्या पप्पांनी सगळं ऐकलं आणि हात पुढे केला.

"आण तो मोबाईल. घेऊनच टाकू पुस्तक. पोरगी अर्ध्यातच लटकली म्हणतील लोकं."

"अन् त्यानं धुतल्या का गं प्लेटा?" भाकरी थापता थापता आईनं विचारलं.

"सांगत नाय." अपेक्षानं पप्पांच्या अंगठ्याखालून मोबाईल अलगद काढून घेतला. गेल्या वर्षीच्या भूमितीच्या वहीत मागं बरीच पानं कोरी होती. ती तिनं उलटून पाहिली. "पप्पा, पुस्तक आत्ता घ्यायचं नाय. आधी माझी गोजरबाई लिहून काढते, मग त्यांची वाचीन. तुम्हाला दोघांना पहिली बावीस पानं फुकट."