कनेक्शन घेतलं, सोडलं नाही

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे. तमिळ मुलखात, शोळिंगनल्लूरच्या एका कचेरीत रक्तदात्यांची नावं सांभाळते. दोन हजार दोन साली मला आणलं, तेव्हा कचेरी चालवणाऱ्या हेमावतीबाईंनी चंदन-कुंकू लावून लिंबू फिरवलं. कोणतं रक्त कुठे मिळेल, विचारायचा अवकाश, की मी उत्तर द्यायची. ताठा होताच माझ्यात. का नसावा?

मग कचेरीतल्या अक्षतने वेबसाइटचं नवं पान लिहिलं. पोरगा शिकलेला, पण रीत नाही. माझ्याशी बोलायला कनेक्शन लागतं, आणि ती माझ्याकडे मोजकीच. ह्याचं पान एकेका दात्यासाठी नवं कनेक्शन घ्यायचं, काम झालं तरी सोडायचं नाही. जेवण आटोपलेल्यांनी पाट अडवून बसावं आणि भुकेल्यांनी दारात ताटकळावं, तसं झालं.

"म्हातारी थकली, अक्का. नवी घेऊ," अक्षत बाईंना म्हणाला.

मी हबकलेच. थकली कोण? मला तर कोणी काही विचारतच नव्हतं!

तेवढ्यात फोन वाजला. अडयारच्या दवाखान्यातून दत्ताजी बोलत होते. त्यांची लेक तुळजा बाळंत झाली होती, रक्तस्राव थांबत नव्हता. "अम्मा, तुमचं पान उघडत नाही हो. डॉक्टर रक्त आणा म्हणतात."

"धरा फोन," बाई म्हणाल्या आणि अक्षतकडे वळल्या. "नवीच्या दारातही हीच गर्दी बसवशील. दाखव काय लिहिलंयस."

बाईंनी बघितलं आणि कपाळावर हात मारला. "सगळी नावं एकदम माग की रे. आणि मागून झालं की जागा सोड."

अक्षतने तसं केलं. अडकलेली कनेक्शनं सुटली. मग बाईंनी फोनवर विचारलं, "कुठलं रक्त?"

इतका वेळ दोघं माझ्यावरून भांडले, आणि हे कोणी विचारलंच नव्हतं.

"ओ निगेटिव्ह."

पापणी लवायच्या आत मी यादी दिली. पहिलं नाव अक्षतचं. पान तपासायला त्यानेच भरलेलं. त्याने पडद्यावर बोट ठेवलं.

"अक्का, मी तर इथेच होतो."

"मग अजून इथेच का आहेस?"

चप्पलही धड न घालता तो पळाला.

मित्रांनो, मला हार नकोत. हवं ते विचारा, उत्तर घ्या आणि उठा. तुळजा वाचली, हे मला कळलं. त्या दुपारी दारावरून आणखी कोण कोण परतलं, ते सांगता येत नाही. आत येऊच न शकलेल्याचं नाव माझ्याकडे कुठून असणार?