काशिरामची माळ

पनवेलात आल्यावर एफ्राइम अष्टमकर पहिलं वाक्य खरं बोलला आणि दुसरं खोटं. पहिल्यामुळेच दुसरं बोलावं लागलं, अशी तो पुढे स्वतःची समजूत घालत असे. पण समजूत ती समजूत, तिनं काही झोप येत नाही.

सत्तावन्न सालचा जानेवारी. एफ्राइम रोह्याजवळच्या अष्टमीचा, बावीस वर्षांचा, मुंबईला मामाकडे राहून बुककीपिंगची परीक्षा पास झालेला. त्या फीपायी त्याच्या बापानं, सॅम्युअलनं, घरचा तेलाचा घाणा विकला होता. घाण्याबरोबर बैलही गेला, आणि उतारवयात सॅम्युअल दुसऱ्याच्या घाण्यावर रोजानं जाऊ लागला. तेव्हा पनवेलच्या कमळाकर शेटना भाताच्या गिरणीत हिशेबनीस हवाय असं कळल्यावर एफ्राइमला ती नोकरी मिळायलाच पाहिजे होती. ही नाही तर दुसरी बघू, असली चैन त्याच्या घरात कुणाला परवडणारी नव्हती.

कमळाकर शेट स्वभावानं रोखठोक. डोक्यावरून मिठाची पाटी वाहत वाहत गिरणीपर्यंत पोचलेला माणूस, शाळेशी संबंध सहीपुरता. त्यांनी आधीच सांगून टाकलं, "काय अडचण असेल ती आत्ता बोल. मागनं कुरकुर चालायची नाही."

"शनिवारी मी काम करत नाही," एफ्राइम म्हणाला. "आम्ही बेने इस्राएल, ज्यू, आमचा शब्बाथ असतो. रविवारी दिवसभर येईन."

शनिवारी गिरणीवर गाड्यांची रांग लागायची. शेट म्हणाले, "तुमच्या लोकांचं मला ठाऊक आहे. दिला शनिवार. महिनाभर बघतो, जमलं तर पक्का. जुन्या वह्या मोडीत आहेत, मोडी येते ना?"

आता सांगा, ज्यानं बसल्या बसल्या आठवड्याचा एक दिवस मागून घेतला, त्यानं कोणत्या तोंडानं म्हणावं की मोडीही येत नाही?

"येते," एफ्राइम म्हणाला.

मोडी त्याला ओ की ठो येत नव्हती. त्याच्या वेळेला शाळेतून ती जवळजवळ गेलीच होती. नव्या वह्या बाळबोधीत, म्हणजे साध्या देवनागरीत, लिहायच्या होत्या म्हणून रोजचं काम निभावत होतं, आणि जुन्या वह्यांशी फक्त दाजींचा संबंध येई. दाजी म्हणजे गिरणीला लागूनच असलेल्या शेटच्या पेढीचे दिवाणजी, तीस वर्षं त्याच गादीवर बसलेले. ते मोडी लिहायला लागले की हात उचलायचे नाहीत, पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच दोरा उसवत नेल्यासारखं लिहायचे. त्यांचा हात खालच्या कपाटाकडे गेला रे गेला की एफ्राइमला वाटे, आता म्हणतील, जरा हे वाच बघू. दाजी वही काढत, आपलं आपण बघत, परत ठेवून देत. दिवसातून चार वेळा एफ्राइम मरून जिवंत होई.

राहायला तो इस्राएल आळीत हेप्झिबा आत्याकडे होता. आत्या म्हणजे बापाची बहीण, विधवा, जिभेनं तिखट. "तुझ्या पायांना मुंग्या चावतात का रे?" ती विचारी. जेवताना हा मधेच उठे, दारापर्यंत जाऊन परत येई. संध्याकाळी एसटी स्टँडवर जाऊन रोह्याची गाडी सुटेपर्यंत उभा राही, तीत कुणी ओळखीचं नसतानाही. ट्रंकेच्या तळाशी मोडीचं एक जुनं पुस्तक होतं. पहाटे उठून तो त्यातली अक्षरं गिरवी. तीन आठवड्यांत बारा-तेरा अक्षरं डोळ्यांना ओळखू येऊ लागली, तीही सुटी असली तर.

शेटच्या पेढीवर एक रीत होती. आसपासच्या गावांतली मंडळी, मिठागरावर आणि भातशेतीत राबणारी, आपले दागिने शेटच्या तिजोरीत ठेवत. घरं कुडाची, दिवस वाईट, म्हणून. शेट त्याचा पैसा घेत नसत. दागिना फडक्यात शिवायचा, गाठीवर लाखेचा ठसा मारायचा, वर नुसता नंबर. कुणाचा नंबर कोणता, ते फक्त वहीत. वहीत नाव निघालं की नंबर निघाला, नंबर निघाला की मालकाच्या हातानं पुरचुंडी उघडायची. दुसऱ्या कुणी, अगदी शेटनीसुद्धा, ती उघडायची नाही.

चोविसाव्या दिवशी दाजींना हिवताप आला. ते घरी पडून राहिले. एफ्राइमला वाटलं, चला, आता कपाट कोण उघडतंय. आणि त्याच शुक्रवारी, दुपार कलल्यावर, भामा आली.

भामा बेलपाड्याची. नवरा काशिराम आदल्या वर्षी वारला होता. मिठाच्या पाण्यानं हाताला भेगा पडलेल्या, पदर कमरेला खोचलेला, मागे दाराशी सोळा वर्षांची मुलगी मालू उभी.

"शेट, पोरीचं लगीन ठरलं," ती म्हणाली. "माज्या मानसानं पुतळ्यांची माळ ठेवलेली हाय तुमच्याकडं. मालू रांगत होती तवा. जाताना मला बोलला, शेटकडं हाय, वहीत लिवलंय."

"लिहिलं असेल तर आहे," शेट म्हणाले. "एफ्राइम, बघ रे."

त्यानं कपाट उघडलं. सालाच्या अंदाजानं तीन वह्या काढल्या आणि गादीवर मांडून बसला. पान उलटलं, ओळीवरून बोट फिरवलं, पुन्हा पान उलटलं. बोट अगदी वाचणाऱ्याचं फिरत होतं. एके ठिकाणी क सारखं काहीतरी दिसलं. तो काशिराम असेल, कमळाबाई असेल, नाहीतर कणीची गोणही असेल. भामा उभी होती, शेट बघत होते, बाहेर ऊन पिवळं पडत चाललं होतं आणि शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळतानाच लागतो, म्हणून दिवेलागणीच्या आत त्याला घर गाठायचं होतं.

"सापडलं?" शेटनी विचारलं.

मला वाचता येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण त्याला दुसऱ्याच्या घाण्यामागून गोल गोल चालणारा बाप दिसला, आणि महिना भरायला फक्त सहा दिवस उरले होते.

"नाही," तो म्हणाला.

"नीट बघितलंस?"

"तिन्ही वह्या बघितल्या. नाव नाही."

भामा भांडली असती, रडली असती, शेटना चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तिनं त्यातलं काही केलं नाही. वहीकडे बघितलं, एफ्राइमच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं. "लिवलेलं नाय, मंग नाय," एवढं म्हणून ती मुलीला घेऊन पायऱ्या उतरली.

"दाजींच्या हातून लिहायचं राहणार नाही," शेट स्वतःशीच म्हणाले. "म्हणजे त्यानं विकली असणार. माणसाचं काय सांगावं."

घरी आत्यानं दिवे लावले होते. काळ्या मनुकांचं सरबत पेल्यात होतं, नारळाच्या रसातलं मटण होतं. एफ्राइमनं प्रार्थना म्हटली आणि दोन घास खाऊन हात धुतला. दुसरा दिवस तर काढता काढवेना. शब्बाथ म्हणजे विसावा. काम नाही, धंद्याची गोष्ट नाही, स्वस्थ बसायचं. एरवी बसताही येतं. पण मनात किडा वळवळत असला की स्वस्थ बसण्यासारखी शिक्षा नाही. सिनेगॉगमध्ये पुस्तकातली हिब्रू ओळ तो बोट फिरवत वाचत होता आणि मधेच त्याला आपल्याच बोटाची किळस आली. त्यानं हात खिशात घातला. दुपारभर ओटीवरून मागच्या दाराला आणि मागच्या दारातून ओटीवर अशा त्याच्या फेऱ्या चालल्या होत्या. शेवटी आत्या म्हणाली, "काय केलंयस ते मला सांगू नकोस. पण ज्याला सांगायचं त्याला सांगून ये, म्हणजे माझी जमीन तरी झिजायची नाही."

आभाळात तीन तारे दिसले, शब्बाथ सुटला, त्याबरोबर तो दाजींच्या घरी गेला. दाजी गोधडीत गुरफटून बसले होते. त्यानं काशिरामचं नाव घेतलं मात्र, दाजी म्हणाले, "बेलपाड्याचा. पुतळ्यांची माळ, त्याच्या आईनं सुनेला घातलेली. नंबर एक्केचाळीस. का, सापडली नाही?"

"मला मोडी येत नाही," एफ्राइम म्हणाला. "मी नाव नाही असं सांगितलं. बाई परत गेली."

दाजींनी गोधडी खांद्यावर ओढून घेतली. मग म्हणाले, "शेटना तू सांग. मी सांगायला जाणार नाही आणि झाकायलाही येणार नाही."

रविवारी सकाळी शेट गादीवर बसायच्या आत एफ्राइम पेढीवर हजर होता. त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आपल्याला मोडी येत नाही, पहिल्याच दिवशी खोटं बोललो, शुक्रवारी नुसतं बोट फिरवलं, माळ आहे, दाजींनी नंबर एक्केचाळीस सांगितला. शेट उठले, तिजोरी उघडली, एक्केचाळीस नंबरची पुरचुंडी काढून गादीवर ठेवली. लाखेचा ठसा जसाच्या तसा होता.

"मलाही वाचता येत नाही," शेट म्हणाले. "अख्ख्या पनवेलला माहीत आहे. मी कधी लपवलं?"

"नाही."

"तू येत नाही म्हणाला असतास तर दाजींनी दोन महिन्यांत शिकवली असती. त्याचं मला काही नाही. पण तू न वाचता नाही म्हणालास. मी कुणाच्या डोळ्यांनी बघतो? वहीजवळ बसणाऱ्याच्या. ते डोळे असे असतील तर मला नकोत." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "सायकल घे. बाईला बोलावून आण. ते झालं की चोवीस दिवसांचा पगार घे आणि तुझ्या गावाला जा."

एफ्राइमनं मान हलवली. जे खरं होतं ते शेट बोलले होते.

बेलपाड्याला पोचायला त्याला तासभर लागला. वाटभर तो बापाला काय सांगायचं ते जुळवत होता आणि एकही वाक्य धड जुळत नव्हतं. भामाचं घर एका बाईनं दाखवलं. भामा अंगणात सारवत होती. त्याला बघून उठली, पण हात तसेच शेणाचे ठेवून.

"तुमची माळ आहे," एफ्राइम म्हणाला. "एक्केचाळीस नंबर. शेटनी बोलावलंय."

"तुमी तर नाय बोलला."

"मला वहीतलं वाचता येत नव्हतं. मी तसंच नाही म्हटलं."

आनंद सोडा, भामाचा चेहरा उलट काळा पडत गेला. "माज्या मानसाची टोपी खुंटीला होती," ती म्हणाली. "वरीसभर मी काढली नवती. परवा आल्यावर उकिरड्यात टाकली. मला वाटलं, माळ इकून ताडी प्याला आनि मरताना बी खोटं बोलून गेला. दोन दिस मी मेलेल्या मानसाला शिव्या घातल्या. पोरीसमोर."

नोकरी गेली, बाप काय म्हणेल, गावात तोंड कसं दाखवू, हे सगळं एफ्राइमनं कालपासून शंभरदा घोळवलं होतं. या माणसाचा विचार त्याच्या मनात एकदाही आला नव्हता. ज्याला त्यानं कधी पाहिलंसुद्धा नाही त्याला त्यानं एका शब्दात चोर ठरवलं होतं.

"माझं चुकलं," तो म्हणाला.

"मला सांगून काय? मी अख्ख्या पाड्याला बोलले." भामानं हात धुतले, पदर खोचला. "चला. जिथं जिथं मी बोलले तिथं तिथं तुमी बोला."

पहिलं घर गंगाबाईचं. ती दारात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. एफ्राइमनं घसा साफ केला. "जरा गैरसमज झाला होता," तो सुरू झाला.

"तसं नको," भामा म्हणाली. "सरळ बोला."

"मला वाचता येत नव्हतं," तो म्हणाला. "मी खोटंच नाही म्हणालो. काशिरामनं माळ ठेवली होती. ती आहे."

गंगाबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "शिकलेला ना रं तू?"

"हो."

"मंग?"

भामानं उत्तराची वाटही बघितली नाही, ती पुढच्या घराकडे निघाली. दुसऱ्या घरी तो अडखळला. तिसऱ्या घरी दोन पुरुष बिड्या ओढत होते, ते हसले. चौथ्या घरी कुणी हसलं नाही आणि ते जास्त जड गेलं. चोवीस दिवस एका माणसासमोर जे वाक्य त्याच्या तोंडून निघालं नव्हतं, ते तो आता दारोदार म्हणत होता. सहाव्या-सातव्या घरापासून ते वाक्य आपोआप निघू लागलं. मालू कुठूनतरी मागून येऊन चालू लागली होती. तिच्या हातात झटकलेली, मळकी पांढरी टोपी होती.

शेवटचं घर काशिरामच्या आईचं, रंभाचं. म्हातारी धाकट्या लेकाकडे राहायची. भिंतीला टेकून बसली होती, समोरची पेज तशीच निवलेली. धाकटी सून हळूच म्हणाली, "परवापासून काय खाल्लं नाय. ऐकू कमी येतं, मोठ्यानं बोला."

एफ्राइम तिच्यासमोर उकिडवा बसला. "आजी," तो मोठ्यानं म्हणाला, "मला वाचता येत नव्हतं. मी खोटंच नाही म्हणालो. तुमच्या काशिरामनं माळ ठेवली होती. ती तशीच आहे. ठसासुद्धा मोडलेला नाही."

म्हातारीनं मान वर केली नाही. त्याला वाटलं, पोचलं नाही. तो आणखी पुढे सरकला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा सगळं म्हणाला.

"पयल्यांदा बोललास तवाच ऐकलं मी," रंभा म्हणाली. "अजून एकदा बोल."

एफ्राइमनं पुन्हा सांगितलं.