पहारीची साक्ष

मी पहार बोलतेय. विहिरी खोदणाऱ्या यशयाची पहार. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी मला मोठ्या मनाची ठरवायला नको. मला बोअरच्या गाडीचा हेवा वाटतो. बहात्तर सालच्या दिवाळीपासून वाटतोय, आणि अजून तसूभरही कमी झालेला नाही.

माझा जन्म पारनेरच्या बाजारात, गहिनीनाथ लोहाराच्या भट्टीवर झाला. मोडीत निघालेल्या मालट्रकचा दांडा होता, तो ठोकून त्याने मला घडवलं. यशया मला घ्यायला आला तेव्हा त्याने वजन विचारलं नाही, की धार बघितली नाही. रस्त्याकडेच्या दगडावर मला एकदा आपटलं आणि माझ्या वरच्या टोकाला कान लावला.

गहिनीनाथ हसला. "पहार हाय ती, पोरगी न्हाई. कानात काय सांगनार हाय?"

"इचारनाऱ्याला सांगंल," यशया म्हणाला.

आणि मी सांगत गेले. कोरडा खडक ठणठणीत वाजतो. खाली ओल असली की तोच खडक दबून बोलतो. हा फरक कानाला कळावा लागतो, आणि त्या तालुक्यात तो यशयाच्या कानाइतका कुणालाच कळत नव्हता. तो आणि त्याचा जोडीदार सहादेव, दोघांनी मिळून चौदा विहिरी खोदल्या. झिजून झिजून मी साडेपाच फुटांची साडेचार झाले, पण एकदाही चुकीची वाजले नाही.

माणसांच्या तऱ्हा मी विहिरीच्या तळातून पाहिल्या आहेत. पाणी लागेपर्यंत मालक काठावर बसून असतो, खाली बघून यशयाला नावाने हाक मारतो. पाणी लागलं की नारळ फुटतो, पेढे वाटतात, आणि दुसऱ्या दिवसापासून यशयाने त्या काठावर चढायचं नसतं. खोदताना त्याचा घाम त्या विहिरीत चालतो. पुढे त्याच्या बायकोचा पोहरा मात्र चालत नाही. यशयाच्या आजाने धर्म बदलला, देवळाऐवजी प्रार्थनेला जाऊ लागला, पण गावाच्या लेखी पाण्याचा नियम होता तोच राहिला. सहादेव दुसऱ्या आळीचा. त्याचा पोहरा खुशाल आत जायचा. खड्डा एकच, खोदणारे दोघं, आणि पाणी एकालाच.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. गावातल्या विहिरी आटल्या, उरली ती राधाकृष्ण अण्णांची, आम्हीच तीन वर्षांपूर्वी खोदलेली. एका सकाळी यशया मला खांद्यावर टाकून तिथून चालला होता. त्याची बायको दया काठापासून दहा पावलांवर हंडा ठेवून उभी होती. ऊन चांगलं वर आलं होतं.

"पानी वाढा वो आई," ती म्हणाली.

"थांब गं बाई. घरचं झालं की वाढते," अण्णांची आई आक्काबाई म्हणाली. ही आक्काबाई वाईट बाई नव्हे. विहिरीचं काम चाललं होतं तेव्हा तीन महिने तिने यशयाला भाकरी दिली होती. वाईट माणसांनी थांबवलं तर भांडता तरी येतं.

सहादेव तिथंच पाणी शेंदत होता. त्याची मान खाली गेली. "द्या वहिनी हंडा, मी भरतो."

दयाने हंडा मागे ओढला. "ऱ्हाऊ द्या भावजी. आज तुमी भराल. उद्या?"

यशया आल्या वाटेने मागे फिरला. घरी आला आणि मला भिंतीला टेकवून म्हणाला, "दया, बोचकं बांध. केडगावला जायचं."

"काम काय करनार तितं?"

"आपल्या वस्तीतला मोझेस बोअरच्या गाडीवर हाय. मानूस पायजे म्हनत हुता."

"आन विहिरी?"

"चौदा खांदल्या. आता बास."

बेचाळीस वर्षांचा माणूस. हातात सारी पंचक्रोशी मानत होती असा हुन्नर. तो त्याने चार शब्दांत सोडला. मला विचारलंसुद्धा नाही.

केडगावात पुणे रस्त्याला एक खोली मिळाली. गल्लीत नळ होता. दया नंबर लावायची, नंबर आला की हंडा भरायची, कुणी तिचं नाव विचारत नसे. मी दाराआड पडले. कोळसे फोडायला तेवढी माझी आठवण व्हायची. यशया पंधरा दिवसांनी घरी यायचा तो डिझेलचा वास घेऊन, आणि त्याच्या तोंडी एकच विषय. गाडी एका दिवसात दीडशे फूट जाते. गाडीला सुरुंग लागत नाही. गाडीला दम लागत नाही.

"मंग तिच्याशीच लगीन लावा," दया म्हणायची. "लई दिसांनी सवत आनली, ती बी लोखंडाची."

दया हसायची. मी दाराआडून जळायचे. ती गाडी नुसती ओरडते. तिला कान लावून बघा, काही ऐकू येत असेल तर. माझ्या यशयाचा कान अशा बाईच्या हाती पडला होता, जिला कुणाचं ऐकायचंच नसतं.

त्र्याहत्तरच्या एप्रिलात गाडी आमच्याच गावाला निघाली. चाकांखाली दगड सारायला यशयाने मला घेतलं. दयाही ट्रकमध्ये चढली.

बोअरचे साहेब तरुण होते, घाईत होते. "एका गावाला एकच बोअर," ते म्हणाले. "जिथं पाण्याची खात्री, तिथंच घ्यायचा."

"मंग आमच्या विहिरीशेजारी घ्या," राधाकृष्ण अण्णा म्हणाले. "रान माझं हाय, पन पानी गावालाच की."

कुणाला कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

यशया पुढे झाला. "साहेब, आधी मी बघतो." त्याने विहिरीशेजारी मला आपटलं आणि कान लावला.

मोझेस गाडीवरून ओरडला, "काय डाक्टर, पेशंट जगंल का?" माणसं हसली.

मी दबून वाजले. खाली ओल होती, पन्नास फुटांच्या आतच. इतकं स्वच्छ उत्तर मी क्वचितच दिलं असेल. मग यशया चालत ख्रिस्ती वस्तीत गेला, मागोमाग सगळे आले, आणि प्रार्थनाघरासमोर त्याने मला पुन्हा आपटलं. मी ठणठणीत वाजले. कोरडी.

तो बराच वेळ कान लावून बसला. मग उठला. "विहिरीत हाय तेवढंच, खाली काय न्हाई," तो म्हणाला. "पानी हितं हाय."

साहेबांनी विचारलं, "नक्की?"

"माझी पहार सांगती. चौदा विहिरीत चुकली न्हाई."

यशया माझ्या नावावर खोटं बोलला. आयुष्यात पहिल्यांदा. आणि त्यावर राधाकृष्ण अण्णा काय म्हणाले ऐका. "यशया म्हनतो तर आसंल. त्याचा कान मला ठावा हाय." अण्णांनी विश्वास ठेवला. मला तिथंच जमिनीत शिरावंसं वाटलं.

गाडी सुरू झाली. साठ फुटांना पांढरी धूळ. शंभरला पांढरी धूळ. तुम्हाला वाटेल, मी यशयासाठी प्रार्थना करत होते. नाही. पाणी लागू नये म्हणून मी देव पाण्यात घातले होते. खोटं उघडं पडू दे. साहेब त्याला हाकलून देऊ देत. त्या भवानीचं नाक कापलं जाऊ दे, आणि माझा माणूस मान खाली घालून माझ्याकडे येऊ दे. दया रिकामा हंडा कडेवर घेऊन समोर उभी होती, तिचे केस धुळीने पांढरे झाले होते, ते दिसत असूनही मी हेच मागत होते.

दीडशे फुटांना साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बंद करा."

यशयाचा चेहरा राखेसारखा झाला. मोझेसने त्याच्याकडे एकदा पाहिलं. त्याला काय कळलं कोण जाणे. "येक दांडा आजून, साहेब," तो म्हणाला. "गाडी गरम हाय तवर."

तो दांडा जमिनीत निम्मा उतरला आणि धूळ काळी पडली. मग चिखल आला. मग पाणी असं उसळलं, की प्रार्थनाघराची कौलं भिजली.

पन्नास फुटांपलीकडचं मला ऐकू येत नाही. मी चुकीची वाजले नव्हते. पण माझं खरं पन्नास फुटांपर्यंतच होतं, आणि त्या गाडीचं दीडशेच्या पुढे होतं.

आठ दिवसांनी ट्रक परत आला, यशया आणि मीही, आणि हापसा बसला. दया तोवर तिथंच नणंदेकडे राहिली. तिने आपल्या हाताने हंडा भरला. दुपारी आक्काबाई कळशी घेऊन आली आणि दहा पावलांवर थबकली. जवळ जावं की नाही, तिला कळेना.

"या की आई," दया म्हणाली. "हितं कुनी वाढत न्हाई. ज्याचं त्यानं हापसायचं."

आक्काबाईने हापशाचा दांडा धरला.

संध्याकाळी सहादेव म्हणाला, "आता परत या की वहिनी. पानी दारात आलं."

"न्हाई भावजी. केडगावात मला कुनी वळखत न्हाई. लई बरं वाटतं."

ट्रक निघताना यशयाने मला सहादेवाच्या हातात दिलं. "ठेव तुला," म्हणाला. माझ्याकडे पाहिलं नाही. त्याचं खोटं ठाऊक असलेली मी एकटीच. असा साक्षीदार नव्या घरात कोण नेईल?

आता मी सहादेवाबरोबर दुष्काळी कामावर आहे. बांधाचे दगड उपटते. तो भला माणूस आहे, पण मला कान लावत नाही. दगडावर आदळते तेव्हा मी अजून खरंच वाजते, ऐकायला कुणी नसतं एवढंच. आणि हेवा? तो आहेच. ती गाडी खोल जाते याचा नाही. तिने यशयाचं खोटं खरं करून दिलं, आणि माझ्या सगळ्या खरेपणाने दयाचा एक हंडासुद्धा भरला नसता, याचा.

एक मागणं आहे. तुमच्या गावातल्या विहिरीवर जाल तेव्हा विचारा, ही कुणी खोदली, आणि त्याच्या घरच्या बाईने हिच्यातून कधी स्वतः पाणी शेंदलं का. उत्तर मिळालं, की मग माझ्या यशयाला हवं तर खोटारडा म्हणा.