धुळाजीने अर्ध्यावर सोडलेले औषध

ज्या वैशाखात धुळाजीची थोरली लेक ऋतुजा हिचे लग्न झाले, त्याच वैशाखात मी त्याच्या घरी आलो. मित्रांनो, मी एक जुने गोळ्यांचे पान आहे. रक्तात युरिक ॲसिड वाढले की त्याचे बारीक खडे सांध्यात साचतात. ते वाढू न देणे हे माझे काम. कारखान्यात मला चंदेरी वेष्टनात बंद केले, तेव्हा वाटले होते, आपण कुणाला तरी चालते ठेवू.

धुळाजी धारूरच्या डोंगरातला मेंढपाळ. ऐन लग्नात त्याच्या पायाचा अंगठा लालबुंद सुजला. लेकीच्या पाठवणीला त्याला खाटेवरून उठता आले नाही. ठणका ओसरल्यावर डॉक्टरांनी मला दिले आणि बजावले, "दुखो न दुखो, रोज एक. मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही."

सुरुवातीला माझा मोठा मान होता. "लई गुणाचं औषध हाय," असे तो भेटेल त्याला सांगे. मग पाय हलका झाला, तो मेंढरांमागे डोंगर चढू लागला आणि मी खुंटीवरच्या पिशवीत पडलो.

"गोळी कावून सोडली वो?" त्याच्या बायकोने, सारजाबाईने, विचारले.

"मेंढी चरायला लागल्यावर तिला औषध पाजतो का आपण?"

"तुमी मेंढरू हाव का?"

"तुझ्या हाकंवर चालतो, मंजी हायच की!"

दोघेही हसले. मला हसू आले नाही.

ठणका परत आला. धुळाजी दुकानातून ठणक्याच्या लाल गोळ्या आणू लागला. त्या घटकाभरात आराम देत. माझे काम सावकाशीचे, ते कुणाला दिसत नाही. अशी वर्षे गेली. माझ्यावरची तारीख उलटली. पुढे त्याचे तोंड सुजू लागले, जेवण जाईना. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितले, इतकी वर्षे खाल्लेल्या लाल गोळ्यांनी मूत्रपिंडे निकामी झाली.

सारजाबाईने मला पदराआड नेऊन त्यांच्यासमोर धरले. "आता ह्या रोज देते. उठतील का वो साहेब?"

डॉक्टरांनी मला हातात घेतले, उलटून तारीख पाहिली आणि तिला परत दिले.

मित्रांनो, दुखणे थांबले म्हणजे रोग गेला, असे नसते. आपल्या मनाने औषध सोडू नका, आपल्या मनाने ठणक्याच्या गोळ्या खात राहू नका. हे ऐकणारे थोडेच असतात, हेही मला ठाऊक आहे.

धुळाजी गेल्या मार्गशीर्षात, वेळ अमावास्येच्या सणाच्या सकाळी वारला.