पत्र्याचा हात

"आणखी आवळ. मघाशी ढिला पडला व्हता," झुंबर म्हणाला.

वाल्मीकने सायकलच्या ट्यूबची पट्टी ओढून आणखी एक वेढा दिला. पट्टीखाली कापडाचा हात होता. आत कापूस, वरून बदामी रंग, बोटांना नखंसुद्धा काढलेली. झुंबरचा उजवा हात कोपराखाली चार बोटांवर संपतो, तिथून पुढे हा कापडाचा. देखाव्यातली प्लायवूडची प्रेस धाडकन खाली आली की वाल्मीकने मागून दोरी ओढायची. मग कापडाचा हात तुटून पुढ्यातल्या ट्रेमध्ये पडणार, लाल पाण्याची पिचकारी उडणार आणि झुंबरचा उरलेला हात, खराखुरा, दिव्याच्या झोतात येणार.

"लागतंय का रे?" मी विचारलं.

"नाय भाऊसाहेब. आता काय लागायचं ऱ्हायलंय?"

मी हसलो. तो हसला नाही. मला अशा वेळी उगाच हसायची खोड आहे.

हे अठ्ठ्याऐंशी सालचे गणपती. अंबडच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांची आमची सिडकोतली कॉलनी आणि कॉलनीचं मंडळ. वाल्मीक आमच्याच कंपनीत फिटर आणि मंडळाचा अध्यक्ष. मी कंपनीच्या टाइम ऑफिसात हजेरी आणि रजिस्टरं लिहिणारा कारकून, म्हणून सगळ्यांचा भाऊसाहेब. शाळेत असताना एका नाटुकल्याला बक्षीस मिळालं होतं, तेवढ्या भांडवलावर दर वर्षी देखाव्याचं लिखाण माझ्याकडे येई. मीही ते नको नको म्हणत घेत असे.

त्या वर्षीचा देखावा सापडला तो व्हिडिओ सेंटरमध्ये. गणपतीच्या दोन महिने आधी, रविवारी दुपारी वाल्मीक, झुंबर आणि मी पत्र्याच्या शेडमध्ये सतरंजीवर बसून इंग्रजी पिक्चर पाहत होतो. पुढच्या शतकातला कारखाना. एका कामगाराचा हात मशीन खाऊन टाकतं. कंपनी त्याला लोखंडी हात बसवते, मग लोखंडी छाती, लोखंडी डोकं, आणि शेवटी त्यालाच बाकीच्या कामगारांना बडवायला उभा करते. माणसं भिंतीवर आपटत होती, रक्त छतापर्यंत उडत होतं आणि शेडमध्ये शिट्ट्या वाजत होत्या. या मारामाऱ्यांच्या मध्येच जाहिराती येत. खऱ्या नव्हेत, पिक्चरमधल्याच. एक गोरी बाई हातांचा ढीग पुढ्यात मांडून दात काढून हसत होती. एका हातावर दुसरा फुकट, असं काहीतरी सांगत असावी. शेडमध्ये कुणालाच काही कळलं नाही. लोकांना वाटलं, कॅसेटवर भलतंच काही टेप झालंय. व्हिडिओवाल्यालाही तसंच वाटलं असणार, कारण बाई दिसली की तो बटण दाबून कॅसेट पुढे पळवू लागला.

"आरं थांबव!" झुंबर ओरडला. "त्येच तर बघायचंय! मागं घे, मागं घे!"

आणि तो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. हात गेल्यापासून त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, पण कंपनीत त्याने आठ वर्षं काढली होती.

झुंबर इगतपुरीच्या पलीकडच्या गावचा. भाताची शेती भावांना पुरेना म्हणून अंबडला आला आणि पत्र्याचे तुकडे दाबून आकार देणाऱ्या चार नंबर प्रेसवर लागला. त्या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच ती खाली यायची, म्हणजे हात आत राहायची भीतीच नको. पण असं केलं तर माल कमी निघतो. म्हणून सुपरवायझरच्या तोंडी हुकमाने सगळ्या प्रेसची उजवी बटणं चिकटपट्टीने कायमची दाबून ठेवलेली. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्याने तुकडा आत सरकवायचा आणि बाहेर काढायचा. झुंबरचा हात इतका चपळ की नव्या पोरांना त्याच्याजवळ उभं करून दाखवत. एका पहाटे, शिफ्ट संपायला पाऊण तास असताना, तो हात आतच राहिला.

फॅक्टरी इन्स्पेक्टर यायच्या आधी सगळ्या पट्ट्या निघाल्या. अपघात रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात लिहिलं गेलं, "कामगाराने सूचना न पाळता स्वतः बटण बांधून ठेवल्यामुळे." सांगणारा सुपरवायझर होता. अक्षर माझं आहे. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

त्यानंतर दीड वर्ष झुंबर कंपनीच्या गेटवर खेपा घालत होता. त्याला आत घेत नसत. साहेब मीटिंगमध्ये, साहेब मुंबईला, साहेब जेवायला. त्याचं मागणं एवढंच होतं की गेटवरचा म्हातारा वॉचमन दिवाळीत निवृत्त होतोय, ती जागा मला द्या. "गेट एका हातानं उघडतं, भाऊसाहेब," तो मला म्हणाला होता. "मी घरी दाराला साखळी लावून करून पाह्यलं. कडी डाव्या हातानं निघती, अन् खांद्यानं दार लोटता येतं." त्याची बायको सिंधुबाई चार घरची धुणीभांडी करून संसार ओढत होती.

तर त्या पिक्चरवरून देखावा ठरला. पोलादी कामगार, सन दोन हजार पंचवीस. आणि हात तुटलेला कामगार कोण होणार, हे कुणाला विचारावंच लागलं नाही. सगळ्यांनी झुंबरकडे पाहिलं. मीसुद्धा.

तो खुशीने तयार झाला. कारण त्याला ती जाहिरात हवी होती. ती त्याने स्वतः रचली, माझ्या खोलीवर चहा पिता पिता. "हात गेला? घाबरू नका! आमच्या कंपनीत या. दोन हात घेऊन या, एक घेऊन जा!" वाल्मीक हसून हसून खाटेवरून खाली आला. मी ती लिहून घेतली. पहिल्या लिखाणात शेवटही पिक्चरसारखाच होता. लोखंडी कामगार जिना चढून साहेबांच्या केबिनमध्ये जातो, टेबलावर आपला पत्र्याचा हात काढून ठेवतो आणि म्हणतो, माझा मला परत द्या.

मग कंपनीने मंडपाचे पत्रे दिले. मोठा कापडी फलक दिला, त्यावर कंपनीचं नाव. वर्क्स मॅनेजर साहेब सातव्या दिवशी आरतीला येणार असं ठरलं. आणि मी लिखाण बदललं. मला कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांचा निरोप नाही, वाल्मीकचा आग्रह नाही. एका संध्याकाळी मी आपला बसलो आणि जाहिरात काढून टाकली, केबिन काढून टाकली. आता कंपनी कामगाराला प्रेमाने पोलादी हात बसवते, त्या हाताने तो कारखाना लुटायला आलेल्या गुंडांना बदडून काढतो आणि शेवटी हात उंचावून म्हणतो, "कंपनीने मला नवा हात दिला. कंपनी माझी माय आहे!" हात तुटायचा तेवढा तसाच ठेवला. लोक तो बघायलाच येणार होते.

मी ते झुंबरला वाचून दाखवलं.

"भाऊसाहेब, मंग यात हसायचं कुठं?" त्याने विचारलं.

"अरे, साहेब येणार आहेत. तुझ्या जागेचं बोलायचंय ना त्यांच्याशी?"

"व्हय, ते बी हायेच," तो म्हणाला.

सगळ्या संवादांना आवाज माझाच टेप केला होता. संध्याकाळी सातला पहिला खेळ, मग आठ-आठ मिनिटांचे खेळ एकामागून एक. रांग पार रेशन दुकानाच्या पुढे जायची. प्रेस खाली यायची, लाल पाणी उडायचं, बाया किंचाळायच्या, पोरं टाळ्या पिटायची, आणि माणसं पुन्हा जाऊन रांगेच्या शेपटाला उभी राहायची. पत्र्याच्या हाताला टाळ्या कमी पडत. कंपनी माझी माय म्हणेपर्यंत निम्मे लोक बाहेर निघालेले असत. रोज तीस-पस्तीस खेळ व्हायचे. सातव्या दिवसापर्यंत झुंबरचा हात दोनशेवर वेळा तुटला होता.

सातव्या दिवशी सिंधुबाई लवकर आली. नीट नेसलेली, डोक्यावर पदर. मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊसाहेब, तुमीच तेवढं म्हणा साहेबाला. ह्यांच्या तोंडातून शब्द फुटायचा नाय."

"म्हणतो की, वहिनी. आपल्या झुंबरसाठी नाही म्हणणार तर कुणासाठी?"

हे मी मनापासून म्हणालो होतो. त्या क्षणी तरी.

साहेब साडेसातला बायकोला घेऊन आले. पहिल्या रांगेत खुर्च्या टाकल्या होत्या. खेळ झाला. हात तुटला तेव्हा साहेबांच्या बायकोने तोंडावर रुमाल धरला, आणि साहेब पुढे झुकून बघू लागले. खेळ संपल्यावर ते टाळ्या वाजवत थेट मंचावरच चढले. त्यांनी झुंबरला कधी समोरासमोर पाहिलेलंच नव्हतं, पाहिला असेल तो कागदावर. आणि आता तर त्याच्या तोंडाला चंदेरी रंग फासलेला.

"वा, वा! अगदी खरं वाटतं," साहेब म्हणाले. झुंबरला अडकवलेला पत्र्याचा हात उचलून त्यांनी आत डोकावून पाहिलं, मग झुंबरच्या पाठीमागे जाऊन वाकून पाहिलं. "याचा हात लपवलाय कुठे? शर्टात बांधलाय का?"

वाल्मीक माझ्याकडे पाहत होता. बायकांच्या रांगेतून सिंधुबाई माझ्याकडे पाहत होती. बोलायची वेळ हीच होती. साहेब, हा झुंबर. आपल्याच चार नंबर प्रेसवर होता. एवढी दोन वाक्यं. मी तोंड उघडलंही, पण झुंबरच आधी बोलला.

"तुमच्याकडंच हाय, साहेब," तो म्हणाला. "चार नंबर प्रेसला ऱ्हायलाय."

मग मागून कुणीतरी हसलं आणि सगळा मंडप हसायला लागला. सात दिवसांत आमच्या देखाव्याला लोक पहिल्यांदा हसले. साहेबही हसले. हसता हसता थांबले आणि माझ्याकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "आपल्याकडे होता का हा?"

होता म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कसा गेला हात? मग कुणीतरी रजिस्टर काढलं असतं आणि माझं चांगलं अक्षर साहेबांच्या टेबलावर आलं असतं. हे सगळं मला तेव्हा इतकं भराभर सुचलं, की एरवी चार ओळींचा अर्ज लिहायला मला तास लागतो यावर विश्वास बसू नये.

"नाही साहेब," मी म्हणालो. "डायलॉग आहे तो. मीच लिहिलाय."

"अस्सं! छान लिहिता हो तुम्ही," साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग त्यांनी झुंबरपुढे हात केला. झुंबरने पत्र्याचा हात पुढे केला. साहेबांनी तो धरून हलवला, फोटोवाल्यासाठी जरा वेळ धरून ठेवला आणि आरती करून निघून गेले.

झुंबर माझ्याकडे पाहत होता. रागाने नव्हे. माझा हिशेब त्याला कळला होता, आणि तो कळल्याचं मला दिसलं. मी टेपरेकॉर्डरवर वाकलो आणि कॅसेट मागे घेऊ लागलो. मान वर केली तेव्हा सिंधुबाई रांगेतून निघून गेली होती.

"लाव वाल्मीक," झुंबर म्हणाला. त्याने तुटका हात पुढे केला. "कापडाचा लाव. लायन लय लांब हाय."

आणि त्या संध्याकाळचे राहिलेले सगळे खेळ त्याने केले. नंतरच्या तीन दिवसांचेही केले.

वॉचमनची जागा दिवाळीत भरली. साहेबांच्या ड्रायव्हरचा मेहुणा आला. त्याला दोन्ही हात आहेत, गेट मात्र तो पायाने लोटतो. मी रोज बघतो.

दिवाळी झाल्यावर झुंबर आणि सिंधुबाई गावी निघाले, कायमचे. मी सीबीएसच्या एसटी स्टँडवर सोडायला गेलो. त्यांनी बोलावलं नव्हतं. दोन गाठोडी, एक स्टोव्ह, एक ट्रंक. सिंधुबाई माझ्याशी न बोलता बसमध्ये जाऊन बसली. झुंबरने पिशवीतून पत्र्याचा हात काढून मला दिला.

"वाल्मीकला द्या. पुढल्या साली लागंल मंडळाला."

"झुंबर, अरे, त्या दिवशी मी..."

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "पर तो डायलॉग चांगला व्हता हां, भाऊसाहेब. तुमी लिवलेला."

त्यात खवचटपणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. तो बसमध्ये चढला, डाव्या हाताने दांडा धरून, खांद्याने माणसं लोटत. खिडकीशी बसला. पूर्ण बाहीचा शर्ट घातला होता त्याने, प्रवासाचा म्हणून.

बस हलली तेव्हा त्याने निरोपाचा हात केला. सवयीने उजवाच केला. बाही खिडकीबाहेर आली आणि वाऱ्याने हलत राहिली. माझे दोन्ही हात त्या पत्र्याच्या हाताभोवती होते, आणि त्यातला एकही मला वर करता आला नाही.